म्याच ढकललं म्हून लिवा

विशाखा साळवे उस्मानपुऱ्यात वकील इंद्रजीत बोराडे यांच्या ऑफिसात एकोणीस वर्षांपासून टायपिस्ट होती. पक्षकार समोर बसायचा, त्याच्या भाषेत बोलायचा, ती लिहून घ्यायची आणि नीट टाइप करून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायची. गेल्या दिवाळीनंतर हे काम बदललं. साहेबांनी एक टॅब आणला. त्यातलं एआय स्वतःच प्रश्न विचारायचं, बाईच्या गोड आवाजात, शुद्ध मराठीत. उत्तरं ऐकून टाइप करायचं, आवाज साठवून ठेवायचं आणि शेवटी एका पानाचा सारांश काढून द्यायचं. विशाखाकडं उरलं ते ऱ्हस्व-दीर्घ तपासणं. तिची तक्रार नव्हती. मनगट दुखायचं थांबलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिच्यापेक्षा कमी चुका करायचं.

त्या मंगळवारी ती पोरीच्या शाळेत गेली होती. दुपारी ऑफिसला आली तेव्हा संगणकावर एक नवा जबाब तपासायला आलेला होता. आवडाबाई औताडे, वय साठ, राहणार मुकुंदवाडी.

प्रकरण तिला माहीत होतं. आवडाबाईंचा मुलगा राजेंद्र वाळूजला कंपनीत होता. शनिवारी त्याची बायको तनुजा घराच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून पडली. डोक्याला मार लागला, तेव्हापासून ती दवाखान्यात बेशुद्ध होती. घरात त्या वेळी सासू आणि सून दोघीच. शेजारच्यांनी आधी आरडाओरडा ऐकला होता. तनुजाचा भाऊ आकाश दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला होता की बहीण पडली नाही, तिला पाडलं. राजेंद्र घाबरून वकिलाकडं आला. साहेब म्हणाले, पोलिसांनी विचारायच्या आधी आईचं म्हणणं आपल्याकडं लिहून ठेवू.

विशाखानं सारांश उघडला.

'१. घटनेच्या दिवशी सकाळी सुनेशी मोठ्या आवाजात वाद झाल्याचे निवेदिका मान्य करतात. सून ऐकत नसल्याची त्यांची तक्रार होती. २. सुनेला आपणच ढकलल्याचे निवेदिका स्पष्टपणे मान्य करतात. तशी नोंद घेण्याचा आग्रह त्यांनी दोनदा धरला. ३. कृती आधी ठरवून केल्याचे सूचित होते.'

तिनं दुसरा मुद्दा पुन्हा वाचला. मग खालचा पूर्ण जबाब पाहिला. तिथंही तेच होतं, स्वच्छ प्रमाण मराठीत. होय, मीच ढकलले. मीच ढकलले म्हणून लिहा.

एकोणीस वर्षांत इतक्या सरळ कुणी कबूल झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. चोरी केलेला माणूससुद्धा आधी हवापाण्याचं बोलतो. तिच्या मनात काहीतरी खटकलं, पण काय ते तिला सापडेना. 'निवेदीका' असं एके ठिकाणी पडलं होतं, ते तिनं दुरुस्त केलं आणि फाइल साहेबांना पाठवली.

साहेब वाचता वाचता खुर्चीत सरळ झाले.

"बापरे," ते हळूच म्हणाले. "ती बाई इथं येऊन गेली तेव्हा मी कोर्टात होतो. दवाखान्यात पाहिलं होतं तिला, दिसायला किती साधी आहे."

"साहेब, एकदा ऐकून बघायचं का?"

"शब्द न् शब्द बरोबर आहे, विशाखाताई. ती दोन वाक्यं मी जबाबाशी ताडून पाहिली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राजेंद्रला अंधारात ठेवता येणार नाही. तो आपला पक्षकार आहे."

त्यांनी कागद राजेंद्रच्या मोबाइलवर पाठवला.

गुरुवारी सकाळी राजेंद्र ऑफिसात आला तेव्हा विशाखानं त्याला ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. साहेब कोर्टात होते. तो बाकावर बसला आणि कुणी विचारलं नसताना बोलायला लागला.

"ती माझ्या शेजारीच बसलेली होती, ताई. दवाखान्यात. डबा घेऊन आली होती. मोबाइल वाजला, म्या उघडला, वाचलं. मला वाटलं दुसऱ्या कोणाचा कागद आलाय. वर नाव बघितलं तर मायचं."

"मग?"

"तिला वाचून दाखवलं. म्हणलं, माय, हे तू बोललीस? ती म्हणली, बोलले. अन् माझ्या तोंडाकडं बघत राहिली. एवढंच. नाय म्हणली नाय, रडली नाय." त्यानं दोन्ही हात मांड्यांवर घासले. "म्या तिला म्हणलं, माझ्या नजरेसमोरून जा. ती डबा तिथंच ठेवून उठली. तो कागद म्या आकाशला पाठवून दिला. त्याला म्हणलं, तुझं खरं होतं."

विशाखानं पाणी आणायला सांगितलं.

"मी तिच्याविरुद्ध साक्ष देणार," राजेंद्र म्हणाला. "तेवढं साहेबांना सांगायला आलो."

धोंडिबा पाणी घेऊन आला. तो फुलंब्रीकडचा, साठी उलटलेला, ऑफिसचा सगळ्यात जुना माणूस. राजेंद्रला पाणी देऊन तो आत विशाखाच्या टेबलाशी आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "ताई, ह्याच्या मायचा एक निरोप राहिला माझ्याकडं. परवा जाताना ती माझ्या हाताला धरून म्हणली, भाऊ, आतल्या बाईला सांगा, म्या रागाच्या भरात तिला वाकडं बोलून गेले. नोकरी करणारं लेकरू हाय, तिचा काय दोष. तिच्या मनाला लागलं आसंल."

"आतली बाई कोण?"

"मला वाटलं तुमीच. मंग ध्यानात आलं, तुमी तर त्या दिवशी उशिरा आलता. आत तर ते टॅबच व्हतं. म्या तिला बसवून, दार लावून बाहेर आलो. आवाज आत जाऊ देऊ नका म्हणून साहेबांनी सांगितलेलं."

विशाखानं तो निरोप मनात पुन्हा म्हणून पाहिला. कबुली देऊन गेलेली बाई दारात थांबून म्हणते, वाकडं बोलले, माफ करा.

ती उठली, आतल्या खोलीत गेली, टॅब उघडला आणि कानाला हेडफोन लावला.

"घटनेच्या दिवशी सकाळी आपला आणि सूनबाईंचा वाद झाला होता का?" गोड आवाज विचारत होता.

"झाला की." आवडाबाईंचा आवाज थकलेला, थोडा घोगरा होता. "नळाचा दिस. आठ दिसांनी पाणी आलेलं. पोरीच्या अंगात ताप, अन् निघाली टाकी भरली का बघाया. बोंबलून बोंबलून घसा फाटला माझा, नको चढू, म्या बघते. आयकती कुठं?"

"आपण सूनबाईंना जिन्यावरून ढकललं का?"

काहीच ऐकू आलं नाही. विशाखाला वाटलं रेकॉर्डिंग बंद पडलं. मग लांब श्वास घेतल्याचा आवाज आला.

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. हा 'व्हय' त्यांनी इतका लांबवला होता की विशाखाचे डोळे मिटले गेले. "म्याच ढकललं. सोन्यासारखी पोर घरात आणली, पाच वर्सं तिच्या हातचं खाल्लं, अन् एक दिस म्हणलं, चला, आज ढकलून देऊ. म्याच ढकललं म्हून लिवा बाई. लिवा."

आणि त्यानंतर त्या रडल्या. मोठ्यानं नाही. तोंडात पदर कोंबून रडल्यासारखा दबलेला आवाज होता.

"धन्यवाद," गोड आवाज म्हणाला. "पुढचा प्रश्न. त्या वेळी घरात अन्य कोणी उपस्थित होते का?"

विशाखानं रेकॉर्डिंग थांबवलं. तिनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. शब्द खरंच एकही चुकला नव्हता. व्हयचं होय झालं होतं, म्याचं मी झालं होतं, लिवाचं लिहा. आणि बाई जे म्हणत होती त्याच्या बरोबर उलटं कागदावर उतरलं होतं. तिची स्वतःची आई असंच बोलायची. भाजी करपली आणि बापानं विचारलं तर म्हणायची, व्हय, मुद्दाम जाळली. त्या घरात कुणाला त्याचा अर्थ सांगावा लागला नव्हता. ती खोलीत असती तर तिनं पेन खाली ठेवलं असतं आणि म्हणाली असती, मावशी, पाणी घ्या, तसं नव्हतं विचारलं मी.

पण ती नव्हती, आणि नंतर हाच कागद हातात आल्यावर तिनं एक वेलांटी दुरुस्त केली होती.

तिनं राजेंद्रला आत बोलावलं. "बसा. हे ऐका. तुमच्या आईचा आवाज आहे."

हेडफोन काढून तिनं आवाज मोठा केला. राजेंद्र मान खाली घालून ऐकत होता. 'म्याच ढकललं म्हून लिवा' आलं तसा तो शहारला. रेकॉर्डिंग संपल्यावर त्यानं वर पाहिलं.

"बघा," तो म्हणाला. "म्हणतीये की."

विशाखाला आपण नीट ऐकलं का असा प्रश्न पडला. "राजेंद्रभाऊ, त्या कसं म्हणतात ते ऐका."

"कसं म्हणली तरी म्हणलीच ना. आज ढकलून देऊ म्हणली. तुम्ही पण ऐकलं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. या बाईच्या पोटी जन्मलेला, पस्तीस वर्षं तिच्या घरात तिचा हाच आवाज ऐकलेला माणूस समोर बसला होता, आणि दोन दिवस तो कागद वाचून वाचून त्याच्या कानात आता कागदच बोलत होता. टॅबला कळलं नाही याचं विशाखाला जेवढं वाटलं नव्हतं तेवढं याचं वाटलं.

तिनं दार उघडून धोंडिबाला हाक मारली. "धोंडिबामामा, जरा आत या. काही विचारू नका. फक्त हे ऐका, आणि ही बाई काय म्हणतीये ते आम्हाला सांगा."

धोंडिबानं काहीच वाचलेलं नव्हतं. फाइलीत काय असतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो टेबलाशी उभा राहिला. विशाखानं आवाज लावला. 'व्हय' हा शब्द आला आणि त्याच्या तोंडातून च्च् असा आवाज निघाला. पुढचं ऐकता ऐकता त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"कोणी विचारलं हे माउलीला?" तो म्हणाला. "असं विचारत असत्यात का? लेकीवानी पोर मरणाच्या दारात पडलीये, अन् तिला विचारायचं, तू ढकललं का? काळीज फाटलंय बाईचं. दुसरं काय बोलंल ती?"

"म्हणजे तिनं ढकललं नाही?" विशाखानं मुद्दाम विचारलं.

धोंडिबानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू ती शिकून वाया गेली. "ताई, तुमी तरी."

राजेंद्रनं टॅबकडं बोट केलं. "परत लावा," तो म्हणाला. विशाखानं परत लावलं. या वेळी त्यानं डोळे मिटले होते. पहिल्याच शब्दाला त्याचा चेहरा बदलत गेला.

"दहावीला मी नापास झालो," तो म्हणाला. "मी म्हणलं, तू कामं सांगितलीस म्हणून. तर म्हणली, व्हय, म्याच तुझी पुस्तकं चुलीत घातली. असाच आवाज. अगदी असाच." त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. "ताई, मी हे कसं काय..."

त्यानं आईला फोन लावायला मोबाइल काढला, तर त्यावर शेजारणीचे चार फोन येऊन गेलेले होते. तो कागद आकाशनं पोलिसांना दिला होता. सकाळीच एक गाडी मुकुंदवाडीत आली होती आणि आवडाबाईंना चौकशीला घेऊन गेली होती.

विशाखानं साहेबांना फोन केला, चार वाक्यांत सगळं सांगितलं. "मी येतो," एवढंच ते म्हणाले. तिनं टॅब पर्समध्ये टाकला आणि राजेंद्रच्या मोटारसायकलवर मागं बसली.

ठाण्यात आवडाबाई भिंतीला लागून बाकावर बसल्या होत्या. बारीक अंगाची बाई, अंगावर तनुजानं गुलमंडीतून आणलेलं हिरवं लुगडं. राजेंद्रकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर खिडकीकडं वळवली.

महिला उपनिरीक्षक वैतागलेल्या होत्या. "दोन तास झाले, या एक शब्द बोलत नाहीत. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. कागदावर तर सगळं कबूल आहे."

"मावशी," विशाखा त्यांच्यापुढं खाली बसली, "यांना सांगा ना काय झालं ते."

"बोललं की त्याचा कागद व्हतो, बाई," आवडाबाई म्हणाल्या.

विशाखानं टॅब उपनिरीक्षकांच्या टेबलावर ठेवला आणि आवाज लावला. उपनिरीक्षक केजकडच्या होत्या, हीच बोली ऐकत वाढलेल्या. त्यांनी पेन उचललं होतं ते 'व्हय'ला तसंच हवेत राहिलं. सगळं संपल्यावर त्यांनी आकाशनं दिलेला कागद पुन्हा वाचला, टॅबकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं.

"आणि हे कोण म्हणालं, धन्यवाद?" त्यांनी विचारलं.

"यंत्र," विशाखा म्हणाली.

उपनिरीक्षकांनी कागद उलटा करून ठेवला. तपास चालू राहील, सून शुद्धीवर आली की तिचा जबाब होईल, तोवर आजींना घरी न्या, असं त्यांनी सांगितलं. मग स्वतः उठून आवडाबाईंना पाण्याचा ग्लास दिला.

बोराडे साहेब व्हरांड्यात येऊन उभे होते. आवडाबाई बाहेर आल्या तसे ते पुढं झाले, काही बोलणार तेवढ्यात राजेंद्र आईच्या पायाशी वाकला.

"माय, माझं चुकलं. त्या मशीननं उलटं लिहिलं अन् मी..."

"कसलं मशीन?" आवडाबाईंनी विशाखाकडं पाहिलं.

"मावशी, तुम्हाला प्रश्न विचारणारी ती बाई नव्हती. बाईचा आवाज होता. ते एक यंत्र आहे."

आवडाबाईंना ते समजायला वेळ लागला. "म्हंजी फोनवरबी कोणी नव्हतं?"

"नाही."

"त्या खोलीत कोणीच नव्हतं?"

"कोणीच नव्हतं, मावशी."

आवडाबाई व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसल्या. पोलीस आले तेव्हा, मुलानं हाकललं तेव्हासुद्धा जे त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं ते आता होतं. त्या घाबरल्या होत्या. "मंग म्या कोणापुढं रडले?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बाई हाय, बाईला कळंल."

बोराडे साहेबांनी मान फिरवली.

राजेंद्र पायाशी तसाच होता. आवडाबाईंनी त्याच्या डोक्याकडं पाहिलं, पण हात ठेवला नाही. "त्याला म्या ठावी नव्हते," त्या म्हणाल्या. "यंत्र ते. त्याला कोणाची माय, कोणाची सून. तुला तर ठावी व्हते ना?"

रविवारी तनुजाला शुद्ध आली. पहिल्या दिवशी तिला नीट बोलता येईना. दुसऱ्या दिवशी तिनं उपनिरीक्षकांना सांगितलं की टाकीचं झाकण लावून उतरताना डोळ्यापुढं अंधारी आली, त्याच्यापुढचं काही आठवत नाही. आत्या, म्हणजे सासूबाई, खालून ओरडत होत्या, तेवढं आठवतं. मग तिनं विचारलं, आत्या कुठंयत? आवडाबाई दाराबाहेरच होत्या. आकाशनं पुढं होऊन त्यांच्यासाठी दार उघडलं. त्याला माफी मागता आली नाही, पण त्यानं त्यांची पिशवी घेतली आणि कॉटजवळ खुर्ची सरकवली.

बोराडे साहेबांनी टॅब टाकून दिला नाही. तारखा, नकला, जुने निकाल शोधणं, यासाठी तो अजून चालतो. मात्र जबाबाच्या वेळी विशाखा समोर बसते, आणि आलेला प्रत्येक सारांश ती आवाज ऐकल्याशिवाय पुढं पाठवत नाही. त्याला तिप्पट वेळ लागतो. साहेब एकदा त्याबद्दल बोलायला लागले होते, पण अर्ध्यातच गप्प झाले.

चारेक महिन्यांनी राजेंद्र काही कागद न्यायला आला. तनुजा बरी आहे, स्वयंपाक करायला लागली, पायरी चढताना हात धरावा लागतो, असं म्हणाला. विशाखानं विचारलं, "आणि आई?"

"बरी आहे. बोलते."

"राग गेला का?"

राजेंद्र कागदांची गुंडाळी हातात फिरवत उभा राहिला. "राग नाय हो, ताई. राग असता तर बरं होतं. आधी मी उशिरा आलो की म्हणायची, या, गावचे पाटील आले, ओवाळायला ताट आणा. आता म्हणते, उशीर झाला का? जेवून घे. सगळं सरळ. शाळेतल्या बाई सांगतात तसं. एक शब्द वाकडा नाय." त्यानं गुंडाळी घट्ट केली. "मला कळावं म्हणून ती माझ्याशी आता असं बोलते, परक्याशी बोलल्यासारखं."

विशाखाला त्याला धीर द्यायचा होता. होईल हळूहळू, असं काहीतरी म्हणायचं तिच्या ओठांवर आलं. पण ते खरं आहे का हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं त्याच्यासाठी दार उघडलं. राजेंद्रनं मान हलवली, चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला.